मॅकेन्झी कुठले? स्कॉटिश क्लॅनमधलं घर शोधणाऱ्यांसाठी

माझ्या सासऱ्यांचं आडनाव मॅकेन्झी. लग्न होऊन मी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आले तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक ढाल टांगलेली होती. ढालीवर पेटलेला डोंगर आणि खाली लॅटिनमध्ये 'मी चमकतो, जळत नाही'. मी सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" ते म्हणाले, "स्कॉटलंड."

माझं माहेर मालवणचं. आमच्याकडे गाव विचारलं तर माणूस वाडीसकट सांगतो. 'स्कॉटलंड' या उत्तराने माझं कसलं समाधान होणार! त्यांचं गाव शोधायला पुढे अडीच वर्षं गेली आणि त्यातलं निम्मं माझ्याच चुकांनी खाल्लं. आता ओळखीतल्या दोन मराठी मुली रॉस आणि मॅक्लाउड घरांत सुना म्हणून गेल्या आहेत आणि दोघीही तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. उदाहरण मॅकेन्झींचं आहे, पण वाट बहुतेक हायलँड (स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर-पश्चिम भाग) क्लॅनना सारखीच.

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करा

हायलँडच्या गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं. त्यामुळे एका आडनावाचे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज, असं वाटतं. इथेच पहिली गल्लत होते. मराठीत 'कूळ' शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक घराणं आणि दुसरा जमीन कसणारा. हायलँडमधल्या क्लॅनमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू व्हायचे. प्रमुखाचे भाऊबंद असायचे, आणि त्याच्या जमिनीवर राहणारी, त्याच्यासाठी तलवार उचलणारी कुळंही असायची. आडनावं रूढ झाली तेव्हा यातल्या कित्येक कुळांनी प्रमुखाचंच नाव लावलं. तुमचे मॅकेन्झी पहिल्या अर्थाचे की दुसऱ्या, हे आडनाव सांगत नाही. बहुतेकांचे दुसऱ्याच अर्थाचे निघतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मॅकेन्झी म्हणजे कॉइन्याखचा, इंग्रजीत केनेथचा, मुलगा. मधला 'झ' मुळात 'झ' नव्हताच. जुन्या स्कॉट्स लिपीत 'य'सारखा उच्चार असलेलं एक अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नसायचा, म्हणून दिसायला जवळचं अक्षर बसवलं आणि उच्चारही बदलून गेला. घराण्याचा मूळ मुलूख पश्चिम किनाऱ्यावरचा किनटेल. पोस्टकार्डांवर दिसतो तो आयलिन डोनन किल्ला तेव्हा त्यांचाच, आणि त्याचे किल्लेदार मॅक्रे. तिथून ते पूर्वेकडे पसरत गेले, १६१० मध्ये लुईस बेट त्यांच्या हाती आलं, १६२३ मध्ये प्रमुखाला अर्ल ऑफ सीफोर्थ ही पदवी मिळाली. पुढे गादीवरून हटलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने १७१५च्या बंडात उतरले आणि पदवी, जमीन दोन्ही गमावून बसले (जमीन नंतर परत हाती आली). १७१९ मध्ये ब्रिटिश नौदलाने आयलिन डोनन उडवला. आज दिसतो तो किल्ला विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे, हे तिथे फोटो काढणाऱ्यांना सहसा माहीत नसतं.

जवळ काय काय हवं

- घरात मिळतील तेवढे जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले
- कौटुंबिक बायबल (पहिल्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहायची पद्धत होती)
- जुनी पत्रं, श्रद्धांजलीची कात्रणं, सैन्यातली पदकं
- कबरीच्या दगडांचे फोटो, चारी बाजूंनी
- एक जाड वही. सॉफ्टवेअर नंतर घ्या. कुठल्या नोंदवहीत काय शोधलं आणि काय *नाही* सापडलं, दोन्ही लिहा. मी दुसरं लिहिलं नाही आणि एकच नोंदवही तीनदा चाळली.

१. समुद्र ओलांडायची घाई करू नका

सगळे हीच चूक करतात, मीही केली. आडनाव मॅकेन्झी, म्हणून थेट स्कॉटलंडच्या नोंदींत घुसायचं आणि समोर शेकडो डोनाल्ड मॅकेन्झी बघून हबकायचं. आधी ज्या देशात कुटुंब आलं तिथली कागदपत्रं संपवा. तिथून तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे: पॅरिशचं नाव. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावगाडा. 'रॉसशायर' एवढ्यावर भागत नाही, ते 'रत्नागिरी जिल्हा' म्हटल्यासारखं झालं.

हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे त्या नोव्हा स्कोशियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली, १८७७ मध्ये थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला १९०८ उजाडलं. मधल्या ३० वर्षांत माणूस 'सापडत नाही' म्हणून घाबरू नका. लग्नाच्या नोंदी मात्र चालू राहिल्या. प्रांताच्या अभिलेखागाराने हे सगळं ऑनलाइन फुकट ठेवलं आहे. कॅनडाची जनगणना १९३१ पर्यंत खुली आहे. जहाजांच्या याद्यांवर फार भिस्त ठेवू नका, क्वेबेक बंदराच्या सलग याद्या १८६५ पासूनच्या आहेत आणि हायलँडचे बरेचसे लोक त्याआधीच येऊन गेले होते.

ऑस्ट्रेलियात गेलेल्यांचं नशीब थोर. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या मृत्यूच्या दाखल्यांवर आईबापांची नावं, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे झालं, मुलं किती, सगळं असायचं. तिथली जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह'वर आणि न्यूझीलंडची 'पेपर्स पास्ट'वर फुकट वाचता येतात. आपल्या माणसाच्या मृत्यूनंतरचे दोन आठवडे नीट चाळा. श्रद्धांजलीत गावाचं नाव हमखास येतं.

२. कबरीचा दगड वाचा, पण सावध

आमचा धागा इथे सापडला. नोव्हा स्कोशियाच्या पिक्टू काउंटीतल्या एका छोट्या दफनभूमीत सासऱ्यांच्या खापरपणजोबांचा दगड होता, अर्धा शेवाळात. घासू नका, ब्रश-साबण तर अजिबात नको. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की आरसा धरून उजेड दगडावर आडवा पाडा, बुजलेली अक्षरं उठून येतात. आम्हाला एवढंच वाचता आलं: 'मूळचे गेरलॉखचे'. गेरलॉख म्हणजे रॉसशायरच्या पश्चिम किनाऱ्यावरची पॅरिश.

मी आनंदाने नाचायची बाकी होते. मग कळलं, पिक्टू काउंटीतही एक गेरलॉख आहे! लॉखब्रूमही आहे. आलेल्या लोकांनी आपल्या गावांची नावं बरोबर आणली आणि इथल्या जंगलांना लावली. आमच्या दगडावर 'मूळचे' हा शब्द होता आणि जन्मवर्ष इथली वस्ती वसायच्या आधीचं होतं, म्हणून निभावलं. तुमच्याकडे नुसतं 'लॉखब्रूम' असेल तर आधी तारखा ताडून बघा.

३. स्कॉटलंड्सपीपल: इथे पैसे जपून

स्कॉटलंडच्या सरकारी नोंदी 'स्कॉटलंड्सपीपल' या अधिकृत संकेतस्थळावर आहेत. नाव नोंदवलं की सूची फुकट शोधता येते, मूळ पानाचं चित्र बघायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. सुरुवातीच्या उत्साहात मी दिसेल ते पान उघडत सुटले. तसं करू नका. सूचीतूनच वय, पॅरिश, आईचं आडनाव जुळवून निवड करा आणि मगच क्रेडिट खर्च करा.

काय कुठे मिळतं ते लक्षात ठेवा:

- १ जानेवारी १८५५ नंतर: सक्तीची सरकारी नोंदणी. मृत्यूच्या दाखल्यावर आईबाप दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट. खुद्द १८५५ सालचे दाखले तर खजिना आहेत. त्या एका वर्षी इतकी माहिती विचारली की कारकून दमले आणि पुढच्या वर्षी रकाने कमी केले.
- १८५५ पूर्वी: चर्चच्या पॅरिश नोंदवह्या. हायलँडमध्ये त्या उशिरा सुरू होतात आणि मध्येच पानं गायब असतात.
- जनगणना: १८४१ ते १९२१. पहिलीत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आणि जन्मगावाचा पत्ता नाही. १८५१ पासून जन्माची पॅरिश मिळते.
- जमिनीच्या आकारणीच्या वह्या: १८५५ पासून. मालक कोण, कूळ कोण, खंड किती. सातबारा वाचलेल्या माणसाला या वह्या घरच्यासारख्या वाटतील.

सापळा: १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि हायलँडची गावंच्या गावं फ्री चर्च या वेगळ्या झालेल्या चर्चमध्ये गेली. त्यानंतरचे बाप्तिस्मे जुन्या पॅरिश वहीत शोधत बसाल तर मूल जन्मलंच नाही असं वाटेल.

आता या लेखातली सगळ्यात कामाची युक्ती. तुमचा पूर्वज १८५५ आधीच देश सोडून गेला असेल, तर त्याच्या आईबापांची नावं देणारा सरकारी दाखला तिकडे नाही. पण त्याचं एखादं भावंड मागे राहिलं असेलच. ते १८५५ नंतर वारलं असेल तर त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर *त्याच* आईबापांची नावं आहेत. आमचे खापरपणजोबा १८३०च्या सुमारास निघून आले. त्यांची एक बहीण गेरलॉखमध्येच राहिली, लग्नही न करता, आणि १८६६ मध्ये गेली. तिच्या दाखल्याने आम्हाला एक पिढी वर नेलं. गेलेल्याला शोधायचं असेल तर राहिलेल्याला गाठा.

४. एकाच नावाची दहा माणसं

मूळच्या गावी मॅकेन्झीच मॅकेन्झी, आणि नावंही मोजकी, कारण थोरल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईकडच्या आजोबांचं, थोरल्या मुलीला आईकडच्या आजीचं. ही प्रथा आपल्याला नवी नाही. ती पाळलेली असेल तर मुलांच्या नावांवरून आजोबांचं नाव ताडता येतं, मात्र तो अंदाज म्हणूनच वहीत लिहायचा.

मी एका अलेक्झांडरमागे तीन महिने फिरले. इंटरनेटवर कोणीतरी त्याला आमच्या झाडावर बसवला होता आणि मी आयतं उचललं. पुढे जनगणनेत दिसलं, हा अलेक्झांडर १८५१ मध्ये गेरलॉखमध्ये मासे पकडतोय आणि आमचा त्याच साली पिक्टूत लाकूड तोडतोय. दुसऱ्याचं झाड म्हणजे पुरावा नव्हे, चहाच्या टपरीवर मिळालेली खबर समजा.

शोधताना हे करा. आडनाव मॅक, एमसी, नुसतं 'एम' आणि वर स्वल्पविराम, अशा सगळ्या प्रकारे टाका. साइटवर नक्की न कळणाऱ्या अक्षरांच्या जागी तारांकन (*) वापरता येतं, त्याने काम सोपं होतं. स्त्रियांची माहेरची आडनावं स्कॉटिश नोंदींत टिकतात, त्यामुळे नवरा हरवला तर बायकोवरून शोधा. आणि कारकुनाने गेलिक नावाचं इंग्रजी काय केलं असेल याचा विचार करा: रुआरी कधी रॉडरिक तर कधी रोरी, याखन म्हणजे हेक्टर, टॉर्मोड म्हणजे नॉर्मन. एकच बाई एका कागदावर एफी आणि दुसऱ्यावर हेन्रिएटा असू शकते.

गावात ही माणसं ओळखायची कशी? बापाचं नाव, आजाचं नाव जोडून: अलास्टर, इयनचा, रुआरीचा. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त एक पिढी जास्त.

५. कोण कुठे गेलं हे माहीत असलं की शोध अर्धा होतो

हा भाग जरा लांबेल, कारण मला यातच जास्त गोडी आहे.

नोव्हा स्कोशियाच्या वाटेवर 'हेक्टर' जहाज पहिलं आठवतं. १७७३च्या उन्हाळ्यात ते लॉख ब्रूमहून निघालं, वाटेत देवी आणि हगवणीने मुलं दगावली, वादळाने मागे रेटलं आणि १५ सप्टेंबरला पिक्टूला लागलं. पिक्टूच्या धक्क्यावर त्याची प्रतिकृती आहे. पण तुमचे लोक 'हेक्टर'वरच होते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. इथे ज्याला त्याला 'हेक्टर'वरचा पूर्वज हवा असतो. जहाजात जेमतेम दोनशे माणसं होती.

लुईस बेट १८४४ मध्ये मॅकेन्झींच्या हातून जेम्स मॅथेसनकडे गेलं. पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातला होता, आणि त्या व्यापारातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जायची. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला तेव्हा मॅथेसनने १८५१ पासून दोन हजारांहून जास्त माणसं कॅनडाला पाठवली. लुईसचे मॅकेन्झी क्वेबेककडे सापडतात ते यामुळे. लुईस आणि हॅरिससाठी 'हेब्रिडीज पीपल' हा संग्रह बघा, त्यात घर न् घर लावलेलं आहे.

मेंढ्यांसाठी कुळं उठवली गेली तो काळ म्हणजे हायलँडचे 'क्लिअरन्सेस'. रॉसशायरमधल्या आर्ड्रॉसचा जॉन मॅकेन्झी लहानपणी हे पाहून न्यूझीलंडला गेला, तिथे जमीनखात्याचा मंत्री झाला आणि त्याने मोठमोठ्या जहागिरी सरकारकडून विकत घेववून लहान शेतकऱ्यांत वाटल्या. कुळकायदा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्याची तळमळ वेगळी समजवायला नको. त्याच देशात मॅकेन्झी कंट्री नावाचा प्रदेश आहे, त्याला मात्र १८५५ मध्ये मेंढ्या चोरताना पकडलेल्या एका जेम्स मॅकेन्झीचं नाव आहे.

लुईस बेटावरच्या स्टोर्नोवेचा अलेक्झांडर मॅकेन्झी फरच्या व्यापारात कॅनडाच्या उत्तरेला गेला, १७८९ मध्ये आर्क्टिक समुद्रापर्यंत आणि १७९३ मध्ये पॅसिफिकपर्यंत पोचला. फरच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवासी बायकांशी संसार केले, त्यामुळे मॅकेन्झी आडनाव त्या समाजांतही आहे. आणि कॅरिबियनमध्येही आहे, पण त्याचं कारण वेगळं. लॉर्ड सीफोर्थ हा क्लॅनचा प्रमुख १८०१ पासून बार्बाडोसचा गव्हर्नर होता आणि गयानाच्या बर्बीसमध्ये त्याचे मळे होते, गुलामांच्या श्रमांवर चालणारे. क्लॅनच्या रंगीत पुस्तिकांत हे पान सहसा नसतं. गुलाममालकांना मिळालेल्या नुकसानभरपाईच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने फुकट खुल्या केल्या आहेत. तुमची शाखा तिकडची असेल तर तिथून सुरुवात करा.

आता आपल्याकडची वाट. आमच्या घरी यावर कोणाचा विश्वास बसेना. एप्रिल १७८३ मध्ये मुंबईहून दक्षिणेकडे निघालेलं 'रेंजर' जहाज मराठ्यांच्या आरमाराने गाठलं. सालबाईचा तह आधीच झाला होता, तरी झटापट झाली. जहाज विजयदुर्गाला नेलं. त्यात कर्नल टॉमस फ्रेडरिक मॅकेन्झी हंबरस्टन होता, सीफोर्थची जहागीर ज्याच्याकडे आली होती तो. जखमांनी तो ३० एप्रिलला विजयदुर्गातच वारला. लहानपणी सहलीला गेलेल्या त्या किल्ल्याच्या तटावर मी चिंचा खाल्ल्या आहेत! जहागीर मग त्याच्या भावाकडे गेली, तोच वर आलेला लॉर्ड सीफोर्थ. त्याने १७९३ मध्ये उभी केलेली ७८वी हायलँडर्स पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांविरुद्ध लढली. पलटणीच्या चिन्हात हत्ती आणि 'असई' हा शब्द आला तो तिथून.

पूर्वज पलटणीत असेल तर लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात निवृत्त सैनिकांची कागदं बघा, त्यांत जन्माची पॅरिश असते. नोकरीत असतानाच मेलेल्यांची तिथे बहुधा मिळत नाहीत, त्यांच्यासाठी हजेरीपट. हिंदुस्थानात गेलेल्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या 'फिबिस' संस्थेची फुकट सूची.

६. ढाल, टार्टन आणि इतर खर्च

सासऱ्यांच्या भिंतीवरची ढाल बाजारू निघाली. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह कुटुंबाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं, आणि त्यावर लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याचं न्यायालय लक्ष ठेवून असतं. साध्या क्लॅनवाल्याने प्रमुखाचं शिरोचिन्ह (ढालीच्या वर असतं ते) पट्टा-बकलाच्या वर्तुळात लावायचं, एवढीच मुभा. तेव्हा 'तुमच्या आडनावाचं अस्सल कुलचिन्ह' विकणाऱ्यांपासून दूर राहा.

टार्टन, म्हणजे क्लॅनच्या चौकडीचं कापड, हवं तर घ्या, छान दिसतं, पण ते प्राचीन समजू नका. मॅकेन्झी टार्टन म्हणजे पलटणीचा गणवेश: गडद निळ्या-हिरव्या चौकटींवर पांढऱ्या-लाल रेघा. प्रत्येक क्लॅनला ठरलेलं टार्टन ही मुख्यतः १९व्या शतकातली बसवलेली घडी आहे. मला त्याहून होली या काटेरी पानांच्या झाडाची डहाळी आवडली. प्रत्येक क्लॅनचं एक झाड असतं, मॅकेन्झींचं हे. सासूबाईंना मी आपल्या देवकाबद्दल सांगितलं तेव्हा आमच्या पहिल्यांदा तासभर गप्पा झाल्या.

मूळपुरुषाच्या कथेचंही तसंच. जुन्या वंशावळी मॅकेन्झींना आयर्लंडच्या कोणा कॉलिन फिट्झजेराल्डपर्यंत नेतात. अभ्यासकांनी ती कथा केव्हाच बाजूला ठेवली आहे. सतराव्या शतकातल्या मोठ्या घराण्यांना भारदस्त मूळपुरुष हवा असायचा, त्याचं आपल्याला नवल वाटायला नको.

डीएनए चाचणी शेवटी करा. पुरुषांच्या थेट वंशाची चाचणी घ्यायची, तर मुलाने किंवा सासऱ्यांनी द्यावी, सुनेच्या थुंकीचा उपयोग नाही. एकाच आडनावात वेगवेगळे वंश निघतात, त्याची आधीच कल्पना द्या. आमच्या घरी 'म्हणजे आपण खरे मॅकेन्झी नाही?' म्हणून दोन दिवस सुतक होतं.

७. प्रत्यक्ष जायचं असेल तर

मे महिना गाठा. जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर मिज नावाची चावरी चिलटं उठतात. निघण्याआधी स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवरून जुना सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा उतरवून घ्या, आज ओसाड असलेल्या वाड्या त्यावर दिसतात. इनव्हरनेसला हायलँड अभिलेखागारात आधी कळवून वेळ ठरवा. स्ट्रॅथपेफरजवळचा कॅसल लिओड, म्हणजे आजच्या प्रमुखाचं घर, ठरावीक दिवशीच उघडा असतो. ब्यूलीच्या पडक्या मठात जुन्या मॅकेन्झींच्या कबरी आहेत. आणि गेरलॉखचं म्युझियम चुकवू नका, जुन्या लष्करी बंकरमध्ये ते थाटलं आहे.

तिथे आम्हाला एक आजीबाई भेटल्या. सासऱ्यांकडे बघून त्यांनी गेलिकमध्ये विचारलं, "को लेश ऊ?" म्हणजे, तू कोणाचा? मला एकदम मालवणच्या बाजारातलं "खंयचो रे तू, कोणाचो झील?" आठवलं. सासरे तयारीत होते. तीन पिढ्यांची नावं त्यांनी एका दमात सांगितली, शेवटचा रोरी.

आजीबाई म्हणाल्या, "कुठला रोरी? त्या वाडीत चौघं होते."

वहीचं नवं पान तिथेच, म्युझियमच्या बाकावर उघडलं.